कामगार विमा योजना आणि खोटी वैद्यकीय बिले : प्रतिबंधाचा विचार

इंदूर शहरातील तुकोगंज हा भाग होळकर घराण्यातील तुकोजीरावांचे नाव धारण करतो. दक्षिण तुकोगंजातील नाथ मंदिरामुळे तो माळव्यातील मराठी कुटुंबांच्या चांगल्या परिचयाचा आहे. तेथून मालवा मिलचा चौक फार दूर नाही. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी या कापड गिरण्यांच्या भोंग्यांवर एके काळी या शहराचे घड्याळ चालत असे. त्या गिरण्या आता बंद पडल्या आहेत. त्यांच्या जागी पीथमपूर आणि सांवेर रोड येथील कारखाने उभे राहिले, आणि माळवा व निमाडच्या खेड्यांतून येणारा तरुण तेथे कामाला जाऊ लागला. यंत्रावर त्याच्या हाताला इजा झाली की त्याला शहरातील दवाखान्यात आणले जाते. त्या क्षणापासून त्याची मजुरी, त्याची भरपाई आणि पुष्कळदा त्याच्या कुटुंबाचे पुढील आयुष्य डॉक्टरांनी लिहिलेल्या कागदावर अवलंबून राहते.

तो कागद खरा असावा यासाठी काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. बहुसंख्य डॉक्टर व रुग्णालये प्रामाणिकपणे सेवा देतात, हे प्रारंभीच नमूद केले पाहिजे. तथापि थोड्यांच्या लबाडीचे ओझे सर्वांना वाहावे लागते, आणि त्यातील सर्वांत जड भाग खरोखर जखमी झालेल्या कामगाराच्या वाट्याला येतो.

योजनेचा पाया

कामावर झालेल्या इजेबद्दल मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाने मान्य झाले. परंतु दावा लावणे आणि तो सिद्ध करणे गरीब कामगाराच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून प्रा. बी. पी. अदारकर यांनी १९४४ च्या आपल्या अहवालात औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना मांडली. तिच्या आधारे कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ संमत झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला. १९५४ मध्ये ती नागपूर व मुंबई येथे आली आणि जानेवारी १९५५ मध्ये इंदूर येथे पोहोचली. इंदुरातील नंदानगर या कामगार वस्तीत योजनेचे रुग्णालय आहे आणि महामंडळाचे प्रादेशिक कार्यालयही तेथेच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली असून तिने या दोन्ही जुन्या अधिनियमांची जागा घेतली आहे.

या योजनेतील पैसा कोणाचा, हे नीट समजून घेतले पाहिजे. १ जुलै २०१९ रोजी अंशदानाचे दर कमी करून मालकासाठी वेतनाच्या ३.२५ टक्के व कामगारासाठी ०.७५ टक्के असे ठरविण्यात आले. रोज ६०० रुपये मिळविणाऱ्या कामगाराचे २६ दिवसांचे वेतन १५,६०० रुपये होते. या दराने त्यातून त्याचे स्वतःचे ११७ रुपये कापले जातात व मालक ५०७ रुपये भरतो. म्हणजे दरमहा ६२४ रुपये निधीत जमा होतात. हा पैसा त्याच्या श्रमातूनच आलेला आहे. खोट्या बिलावर जेव्हा ५०,००० रुपये दिले जातात, तेव्हा अशा ८० कामगारांचे एका महिन्याचे अंशदान वाया जाते. ‘सरकारचा पैसा आहे, कोणाचे काय बिघडते’ असे म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा करून पाहावा.

एका शब्दाची किंमत

वैद्यकीय कागदावरील एखाद्या शब्दाने किंवा आकड्याने किती फरक पडतो, याची सर्वसामान्य माणसास सहसा कल्पना नसते. कामावर झालेल्या इजेमुळे कामगार काम करू शकत नसेल, तर त्यास तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळतो. त्याचा दर वेतनाच्या ९० टक्के इतका ठेवण्यात आलेला आहे, आणि त्यासाठी किमान अंशदानाची अट नाही. साध्या आजारासाठी मात्र आजारलाभाचा दर ७० टक्के असून तो वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतो. शिवाय सहा महिन्यांच्या अंशदान-काळात किमान ७८ दिवसांचे अंशदान भरलेले असावे लागते.

आता समजा, रोज ६०० रुपये मिळविणाऱ्या कामगाराचे बोट यंत्रात सापडले. केस पेपरवर ‘कामावर यंत्रात इजा’ असे लिहिले गेले, तर त्यास रोज ५४० रुपये मिळतील. ‘घरी पडून इजा’ असे लिहिले गेले, तर ४२० रुपये मिळतील. साठ दिवसांत हा फरक ७,२०० रुपयांचा होतो. तो नुकताच कामास लागलेला असेल व त्याचे ७८ दिवस भरलेले नसतील, तर दुसऱ्या नोंदीने त्यास काहीच मिळणार नाही. कारखान्यातील अपघाताची नोंद टळावी म्हणून कोणी डॉक्टरांस ‘घरी पडला’ असे लिहावयास सांगत असेल आणि डॉक्टर तसे लिहीत असतील, तर तीही लबाडीच होय. तिच्यात निधीचा पैसा वाचतो, म्हणून तिची तपासणी सहसा कोणी करीत नाही.

जे कामगार विमा योजनेच्या कक्षेत येत नाहीत, त्यांच्या भरपाईचा हिशेबही वैद्यकीय आकड्यावरच उभा असतो. कायद्याच्या परिशिष्टात काही इजांची टक्केवारी ठरवून दिलेली आहे. उदाहरणार्थ, अंगठा गमावल्यास कमाईच्या शक्तीची हानी ३० टक्के धरली जाते. परिशिष्टात नसलेल्या इजेची टक्केवारी मात्र पात्र डॉक्टरांनी ठरवावयाची असते. हिशेबासाठी धरावयाचे कमाल मासिक वेतन ३ जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये ठरविण्यात आले. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,००० रुपये. तीस वर्षांच्या माणसासाठी गुणक २०७.९८. यांचा गुणाकार १८,७१,८२० रुपये होतो. म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक एका टक्क्याचे मोल सुमारे १८,७१८ रुपये आहे. आकडा वाढविला तर दुसऱ्यावर अन्याय, कमी केला तर कामगारावर. विमा योजनेत कायम अपंगत्वाचा निर्णय उपचार करणाऱ्या एकट्या डॉक्टरांवर न सोडता वैद्यकीय मंडळाकडे सोपविण्यात आला, तो याच कारणास्तव.

लबाडीच्या वाटा

डॉक्टर किंवा रुग्णालय यांना मोबदला ज्या पद्धतीने दिला जातो, त्या पद्धतीतूनच लबाडीची वाट निघते. ही गोष्ट ओळखली म्हणजे कोठे पाहावे हे कळते.

प्रत्येक सेवेचे वेगळे पैसे दिले जात असतील, तर न केलेल्या सेवेचे बिल लावण्याचा मोह होतो. एक पट्टी बांधली असता तीन दाखविली जातात; न काढलेल्या क्ष-किरण चित्राची रक्कम लावली जाते. शस्त्रक्रियेसाठी ठराविक एकत्रित रक्कम दिली जात असेल, तर लहान उपचार मोठा करून दाखविला जातो, किंवा जेथे पट्टी व औषध पुरे झाले असते तेथे रुग्णास भरती करून घेतले जाते. मुंबईत विमा योजनेच्या आरंभापासून खाजगी डॉक्टरांचे पॅनेल नेमून, त्यांच्या यादीवरील दर कामगारामागे ठराविक रक्कम देण्याची पद्धत होती. तीत बिले फुगविण्यास वाव नव्हता. पण यादीवरील माणूस दुसऱ्या डॉक्टराकडे जाऊ नये म्हणून मागेल त्यास रजेचे प्रमाणपत्र देण्याकडे कल होण्याचा धोका होता. पगारी डॉक्टर असलेल्या दवाखान्यात हे दोन्ही दोष कमी होतात, परंतु तेथे औषधे व उपकरणे यांची खरेदी ही लबाडीची जागा ठरू शकते.

या सर्वांहून निराळा प्रकार म्हणजे रुग्ण पाठविण्याबद्दलची दलाली. तिलाच बोलीभाषेत ‘कट प्रॅक्टिस’ म्हणतात. रुग्ण अमुक तपासणी-केंद्रात किंवा अमुक रुग्णालयात पाठविला की पाठविणाऱ्यास वाटा मिळतो. अशा वेळी बिलावरील प्रत्येक सेवा प्रत्यक्षात दिलेली असते, म्हणून ते बिल वरवर खरे दिसते. खोटी असते ती त्या सेवेची गरज. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीने अशी दलाली देणे व घेणे दोन्ही निषिद्ध ठरविले आहे. महाराष्ट्रात २०१७ मध्ये या प्रथेविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार करण्यासाठी समितीही नेमण्यात आली होती.

अलीकडील घटनांचा बोध

तेलंगणा राज्यात सप्टेंबर २०१९ मध्ये कामगार विमा वैद्यकीय सेवेतील औषधखरेदीच्या प्रकरणी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने संचालकपदावरील व्यक्तीसह अनेकांना अटक केली. चढ्या दराने व बनावट कागदपत्रांवर खरेदी केल्याचा आरोप त्यात होता.

ज्या श्रमिक कुटुंबांना कामगार विमा नाही, त्यांपैकी अनेकांजवळ आयुष्मान भारत योजनेचे कार्ड आहे. तेथेही बिल रुग्णालयाने लावावयाचे व रक्कम शासनाने द्यावयाची, हीच रचना आहे. म्हणून तिचा अनुभव येथे उपयोगी पडतो. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये सादर केलेल्या अहवालात असे आढळले की, सुमारे साडेसात लाख लाभार्थींच्या नावापुढे एकच दूरध्वनी क्रमांक नोंदलेला होता, आणि तो नऊ हा अंक दहा वेळा लिहून तयार झालेला होता. पूर्वी मृत म्हणून नोंद झालेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावे पुन्हा उपचार दाखवून ६ कोटी ९७ लाख रुपये दिले गेल्याचेही त्यात नमूद आहे. संगणकातील रकाना भरला म्हणजे सत्य नोंदले गेले, असे होत नाही, हा या अहवालाचा बोध होय.

मध्य प्रदेशात जबलपूर येथे ऑगस्ट २०२२ मध्ये पोलिसांना एका खाजगी रुग्णालयाशेजारच्या हॉटेलात आयुष्मान कार्डधारकांना रुग्ण म्हणून ठेवल्याचे आढळले. कागद कितीही व्यवस्थित असले, तरी खाटेपाशी जाऊन पाहण्यास पर्याय नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

हा प्रश्न केवळ आपल्याच देशाचा नाही. अमेरिकेत संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९१६ पासून नुकसानभरपाईचा कायदा आहे. त्या योजनेत घटक मिसळून खास तयार केलेल्या मलमादी औषधांवरील खर्च २०११ मध्ये २० लाख डॉलरच्या आसपास होता. तो २०१५ मध्ये २१ कोटी डॉलरच्या वर गेला. इतक्या थोड्या वर्षांत कर्मचाऱ्यांच्या दुखण्यात एवढी वाढ होणे शक्य नव्हते. २०१६ मध्ये अशा औषधाची गरज डॉक्टरांनी लेखी प्रमाणित करावी, असा नियम घालण्यात आला. खर्चाचा आलेख वेळीच कोणी पाहिला असता, तर हा नियम काही वर्षे आधी आला असता. कॅलिफोर्नियात तर जखमी कामगारांच्या पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रिया आपल्याकडे याव्यात म्हणून डॉक्टरांना दलाली दिल्याबद्दल लाँग बीच येथील एका रुग्णालयाच्या माजी मालकास २०१८ मध्ये पाच वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली.

तीन कागदांचा मेळ

वरील सर्व उदाहरणांवरून प्रतिबंधाचे एक साधे सूत्र निघते. कामगाराच्या प्रत्येक इजेविषयी तीन ठिकाणी कागद तयार होतो : कारखान्यातील अपघात-नोंद व हजेरीपट, दवाखान्यातील केस पेपर, आणि महामंडळाकडे गेलेले बिल किंवा प्रमाणपत्र. हे तिन्ही वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले असतात. लबाडी बहुधा एका कागदात होते. तिन्ही कागद समोरासमोर ठेवले की ती उघडी पडते. ज्या दिवशी कामगार रुग्णालयात भरती असल्याचे बिल सांगते, त्याच दिवशी हजेरीपटावर तो कामावर हजर असेल, तर दोहोंपैकी एक नोंद खोटी आहे, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही. हाडात पट्टी किंवा सळई बसविल्याचे बिल असेल, तर तिच्या वेष्टनावरील क्रमांकाची चिठ्ठी कागदांस जोडलेली असावी आणि शस्त्रक्रियेनंतरच्या क्ष-किरण चित्रात ती दिसावी.

परंतु या तीन कागदांपेक्षाही जवळचा साक्षीदार म्हणजे स्वतः रुग्ण होय. त्याला किती दिवस ठेवले, कोणती शस्त्रक्रिया झाली, किती औषधे हाती पडली, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. प्रत्यक्षात मात्र त्याच्या नावावर लावलेले बिल त्यास कधी दाखविले जात नाही. रुग्णास घरी सोडताना दिलेल्या सेवांची यादी त्याच्या भाषेत वाचून दाखवून, तिची एक प्रत त्यास देण्याचा प्रघात पडला, तर न दिलेल्या सेवांची पुष्कळशी बिले लिहिलीच जाणार नाहीत. अनावश्यक शस्त्रक्रियेची पारख रुग्णास करता येणार नाही. तेथे मोठ्या उपचारापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हाच उपाय आहे.

यासाठी लागणारा आधार नियमांत आधीच आहे. २००२ च्या नियमावलीनुसार डॉक्टरांनी भरती रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवावयाच्या असतात, आणि रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत त्या द्यावयाच्या असतात. दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची नोंदवही ठेवणे, त्याची प्रत राखणे, आणि प्रमाणपत्रावर रुग्णाची सही किंवा अंगठा व ओळखीची किमान एक खूण घेणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. खोटे प्रमाणपत्र देणे हे गैरवर्तन असून त्याबद्दल डॉक्टरांचे नाव नोंदणीपुस्तकातून काढले जाऊ शकते. शिवाय १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही फसवणूक, बनावट दस्तऐवज व खोटे प्रमाणपत्र हे शिक्षापात्र गुन्हे आहेत.

अधिकाऱ्यांनी घ्यावयाची दक्षता

लबाडी रोखण्याच्या उत्साहात खरा रुग्ण अडविला जाऊ नये, ही सर्वांत महत्त्वाची दक्षता होय. प्रत्येक दाव्यावर संशय घेऊन कागदांमागून कागद मागविले, तर लबाड माणूस ते सारे तयार करून आणतो. अडतो तो अशिक्षित जखमी कामगार. विलंबाची किंमत काय असते, हे इंदुरास शिकवावे लागत नाही. डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडलेल्या हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या थकीत देण्यांचे वितरण डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाले. दरम्यान कित्येक कामगार हे जग सोडून गेले होते. म्हणून कामगाराचा रोख लाभ वेळेवर द्यावा आणि तपासणीचा रोख बिल लावणाऱ्याकडे ठेवावा, हे धोरण उचित ठरेल.

तपासणी करताना एकेका बिलापेक्षा त्यांच्या घडणीकडे पाहावे. एकाच रुग्णालयाकडून येणाऱ्या सर्व रुग्णांचा आजार एकच, मुक्कामाचे दिवस सारखे आणि तपासण्यांची यादी अक्षरशः एक असेल, तर तेथे थांबून विचार करावा. काही बिले चिठ्ठी टाकून निवडावीत व त्या रुग्णांना प्रत्यक्ष भेटावे. संशयास्पद प्रमाणपत्रे वैद्यकीय निर्णायकाकडे, ज्यास मेडिकल रेफरी म्हणतात, पाठविण्याची व्यवस्था योजनेत आहे. तिचा उपयोग करावा. जो अधिकारी बिल मंजूर करतो, त्यानेच रुग्णालयाची निवड करू नये. दोष सिद्ध झालेल्या रुग्णालयाची संलग्नता रद्द करून ती माहिती इतर शासकीय योजनांनाही कळवावी. अन्यथा एका दारातून बाहेर काढलेला माणूस दुसऱ्या दारातून आत येतो.

कामगार, गाव आणि शिक्षक

कामगाराने व त्याच्या कुटुंबीयांनी काही साध्या गोष्टी पाळाव्यात. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. ओळखपत्र रुग्णालयात ठेवून येऊ नये आणि मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक कशासाठी हवा हे विचारल्याविना सांगू नये. इजा झाल्याबरोबर कारखान्याच्या अपघात-नोंदवहीत ती लिहिली गेली का, हे सोबत्याने पाहावे. दवाखान्यात ‘कसे लागले’ असे विचारले असता कामाची जागा, वेळ व यंत्र यांचे नाव स्पष्ट सांगावे, आणि तेच लिहिले आहे ना, हे वाचून घ्यावे. ‘चार दिवस भरती दाखवू, तुम्हांलाही थोडे मिळेल’ अशा सूचनेस होकार देऊ नये. कारण त्या कागदावर सही कामगाराची असते, आणि खोटे निवेदन करून घेतलेला लाभ परत करण्याची व शिक्षेची पाळी त्याच्यावरही येऊ शकते. तक्रार असल्यास ती महामंडळाच्या शाखा कार्यालयात किंवा तक्रारनिवारणासाठी भरणाऱ्या ‘सुविधा समागम’ बैठकीत लेखी द्यावी व पोच घ्यावी.

पीथमपुरास जाणारा तरुण ज्या गावातून आला, त्या गावाचाही यात वाटा आहे. जखमी माणूस बहुधा विश्रांतीसाठी घरीच येतो, आणि त्याच्या पिशवीतील कागद घरात कोणाला वाचता येत नाहीत. ते वाचून दाखविण्याचे काम गावचे शिक्षक करू शकतात. आठवीच्या गणितात टक्केवारीचा पाठ शिकविताना ११७ रुपयांचे अंशदान, ९० टक्क्यांचा लाभ आणि एका टक्क्याचे १८,७१८ रुपये ही उदाहरणे घेतली, तर विद्यार्थ्यांना गणितही समजेल आणि वडिलांच्या पगारपत्रकातील कपातीचा अर्थही उमगेल.

कामगार विमा योजना परस्पर विश्वासावर उभी आहे. निरोगी कामगार दरमहा पैसे भरतो, ते आपल्यावर वेळ आली तर आपल्यालाही आधार मिळेल या भरवशावर. खोट्या बिलाने तो भरवसा खचतो, आणि पुढच्या खऱ्या जखमी माणसाकडेही संशयाने पाहिले जाते. तो संशय दूर ठेवावयाचा असेल, तर कामगाराच्या नावाने लिहिला जाणारा प्रत्येक कागद प्रथम त्याच्याच दृष्टीस पडला पाहिजे. एवढी एक व्यवस्था जरी काटेकोरपणे पाळली गेली, तरी निधीचे रक्षण होईल आणि ज्याच्यासाठी तो निधी उभा राहिला, त्या माणसाचा मानही राखला जाईल.